बाटलीवरील नाव



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून एका कामगार कार्यकर्त्याने फ्रान्समधील मद्याच्या पेढीचा इतिहास सांगावा, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मी स्वतः मद्याला शिवत नाही. कामगारवस्त्यांतून हिंडण्यात माझे आयुष्य गेले. पगाराच्या रात्री दारू घरात शिरली म्हणजे चुलीची काय दशा होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा आज मी मद्याची थोरवी गाणार नाही. मी बोलणार आहे ते एका नावाविषयी.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालली होती. मालकांच्या बाजूने बोलणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "माल खपतो तो आमच्या नावावर, तुमच्या हातांवर नव्हे." त्या दिवशी मला त्यांना चोख उत्तर देता आले नाही. घरी येताना सारखा विचार येत होता, की नावाला किंमत येते ती कोठून? ती कोण आणतो आणि कोणाच्या पदरात पडते? माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर. तेथेच हा प्रश्न मनात घेऊन वाचता वाचता शॅम्पेनचा इतिहास माझ्या हाती लागला, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर मला एका फ्रेंच खेड्यात सापडले.

शॅम्पेन हे मूळ एका प्रांताचे नाव. पॅरिसच्या पूर्वेस सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवर मार्न नदीच्या दोन्ही अंगांना उतरत्या टेकड्या आहेत. खाली खडूसारखा पांढरा, भुसभुशीत दगड, वर मातीचा पातळ थर. हवा थंड, द्राक्षे येथे जेमतेम पिकतात. रीम्स आणि एपर्ने ही मोठी शहरे. एपर्नेपासून जवळच, नदीच्या उत्तर तीरावर एक गाव आहे. त्याच्या नावाचा उच्चार थेट आपल्या 'आई' या शब्दासारखा होतो. या आई गावच्या टेकडीचा उतार दक्षिणेकडे असल्यामुळे ऊन चांगले मिळते, आणि तेथील द्राक्षांचा लौकिक फार जुना आहे.

या प्रांताचे मद्य बनते कसे, हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ त्यातच आहे. द्राक्षांचा रस एकदा पिंपात किंवा टाकीत आंबतो. मग तो बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि किण्व घालतात व बूच घट्ट बसवतात. बंद बाटलीत ते मद्य दुसऱ्यांदा आंबते. त्यातून निघणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो मद्यातच मुरतो. बाटलीतला दाब बाहेरच्या हवेच्या पाचसहा पट होतो. एकोणिसाव्या शतकात या बाटल्या तळघरात फटाफट फुटत आणि कामगार तोंडावर तारेच्या जाळीचे मुखवटे घालून काम करीत. बाटलीत साठलेला गाळ मानेशी आणण्यासाठी प्रत्येक बाटली कित्येक आठवडे रोज हाताने थोडी थोडी फिरवावी लागे. हे सारे होईपर्यंत महिने, वर्षे जातात. आजच्या नियमाप्रमाणेही बाटलीत भरल्यापासून किमान पंधरा महिने थांबल्याशिवाय शॅम्पेन विकता येत नाही.

आता यातले मर्म पाहा. द्राक्ष हा नाशवंत माल. वेलीवरून काढलेले द्राक्ष शेतकऱ्याला दोन दिवससुद्धा राखता येत नाही. ज्याच्याकडे तळघर आहे, बाटल्या आहेत, भांडवल आहे, त्याला मात्र वर्षानुवर्षे थांबता येते. एकाला आजच्या आज विकणे भाग, दुसऱ्याला थांबण्याची मुभा. असे दोघे सौद्याला बसले म्हणजे भाव कोण ठरवणार? आपल्याकडे टोमॅटोच्या किंवा कांद्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून शॅम्पेन प्रांतात दोन वर्ग तयार झाले. एक हजारो लहान द्राक्षबागायतदारांचा, आणि दुसरा काही डझन पेढीवाल्यांचा. बाग बहुतांशी पहिल्याची, बाटलीवरील नाव मात्र दुसऱ्याचे.

आई गावातली अशीच एक पेढी बोलिंजे यांची. तिचा जन्म ६ फेब्रुवारी १८२९ चा. त्यात तिघे होते. विलेरमों नावाचे सरदार घराण्यातले एक गृहस्थ. त्यांच्या मालकीच्या आई गावात उत्तम द्राक्षबागा होत्या. दुसरा जर्मनीतील वुर्टेंबर्गहून आलेला तरुण विक्रेता बोलिंजे, आणि तिसरे भागीदार रनोदँ. सरदाराने व्यापार करणे त्या काळी कमीपणाचे समजले जाई, म्हणून जमीन ज्याची त्याने आपले नाव बाटलीवर घालू दिले नाही! पेढी निघाली ती 'रनोदँ-बोलिंजे' या नावाने. पुढे १८३७ मध्ये बोलिंजेने सरदाराच्या कन्येशी लग्न केले आणि मालमत्ता कुटुंबात आली. ज्या नावाला पुढे राजवाड्यांतून मान मिळाला, ते सुरुवातीला दुसऱ्या कोणाला लाज वाटत होती म्हणून चिकटवलेले नाव होते. नावाच्या पोटात काय असते, याचा हा पहिला धडा.

मात्र या पेढीविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तिने स्वतःच्या बागा वाढवल्या. आजही आपल्या गरजेची निम्म्याहून अधिक द्राक्षे ती स्वतःच्या बागांतून घेते. शॅम्पेनमधील मोठ्या पेढ्यांत हे विरळा. मद्य पिंपांत आंबवण्याची जुनी रीत तिने राखली आणि पिंपे दुरुस्त करणारा कारागीर अजून आपल्या पदरी ठेवला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रांतावर दोन संकटे आली. पहिले किडीचे. अमेरिकेतून आलेली फायलॉक्सेरा नावाची बारीक कीड द्राक्षाच्या मुळांतला रस शोषून वेल मारून टाकते. दक्षिण फ्रान्स उद्ध्वस्त करून ती १८९० मध्ये शॅम्पेनच्या हद्दीत शिरली. उपाय एकच निघाला, तो म्हणजे या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर आपल्या वेलीचे कलम करणे. आज आपल्या नाशिक भागातही द्राक्षाचे कलम अमेरिकन खुंटावरच बांधतात. हे काम म्हणजे सबंध बाग उपटून नवी लावणे. लहान बागायतदार कर्जात बुडाला.

दुसरे संकट माणसांनी आणलेले. शॅम्पेनला जगभर मागणी वाढली, तसे काही पेढीवाले दूरच्या प्रांतांतून स्वस्त मद्य आगगाडीने आणवू लागले. ते येथल्या तळघरात बाटलीत भरले, फेसाळवले, की त्याला शॅम्पेन म्हणत. नाव या मातीचे, माल परका. गावच्या द्राक्षांना भाव मागायला जावे, तर दलाल सांगे, "परवडत नसेल तर राहू द्या, आम्हांला दुसरीकडून मिळते." बागायतदारांनी १९०४ मध्ये आपला महासंघ उभारला. पेढीवाल्यांचा संघ मात्र १८८२ सालीच उभा राहिला होता. बावीस वर्षांचा हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. संघटनेची गरज धन्यांना नेहमी आधी कळते.

बागायतदारांची मागणी साधी होती. शॅम्पेन हे नाव कोणत्या गावांच्या द्राक्षांना लावायचे, याची सरकारने रेघ मारावी. १७ डिसेंबर १९०८ रोजी सरकारने ती मारली. मार्न जिल्हा आणि एन जिल्ह्याचा काही भाग आत, आणि दक्षिणेचा ओब जिल्हा बाहेर. ओबमधील लोकांना हा घाव वर्मी लागला. ज्या त्रुआ शहरात पूर्वी शॅम्पेनच्या सरदारांची राजधानी होती, ते शहर त्यांच्याच जिल्ह्यात. आणि आता कायदा सांगत होता, की तुम्ही शॅम्पेनचे नव्हेत!

त्यातच १९१० साल आले. गारपीट झाली, पाऊस थांबेना, केवडा रोगाने पाने आणि घड सडले. मार्नमध्ये पीक जवळजवळ हातचे गेले. बागायतदाराच्या घरात विकायला काही नव्हते, आणि त्याच्या डोळ्यांदेखत रस्त्याने बाहेरच्या मद्याची पिंपे पेढ्यांकडे चालली होती. १७ जानेवारी १९११ रोजी दामरी गावी लोकांनी ती पिंपे अडवली आणि मार्न नदीत रिकामी केली. फौज आली. १० फेब्रुवारीला सरकारने रेघ अधिक कडक करणारा कायदा केला. त्यावर ओब पेटले. लाल निशाणे, कराची कागदपत्रे जाळणे, खेड्याखेड्यांतून मोर्चे, आणि ९ एप्रिलला खुद्द त्रुआत प्रचंड निदर्शन. घाबरलेल्या सेनेटने ११ एप्रिलला ठराव केला, की या हद्दी नकोतच.

ही बातमी त्याच दिवशी मार्नच्या खोऱ्यात पोहोचली. रात्री दामरी आणि दिझी येथे लोक उठले. १२ एप्रिलला सकाळी हजारोंचा जमाव आई गावात शिरला. पेढ्यांची दारे फुटली, बाटल्यांचा खच पडला, रस्त्यांतून मद्य वाहिले, इमारतींना आगी लागल्या. आयाला नावाच्या पेढीची वास्तू जळाली. देउत्झची मोडतोड झाली. बोलिंजेच्या घराला मात्र जमावाने हात लावला नाही. ते गावच्या द्राक्षांशी प्रामाणिक राहिले म्हणून वाचले, असे लोक सांगत आले आहेत. परंतु त्या दिवशी जळालेल्या सर्वच पेढ्या लबाड होत्या, असे मात्र कोणी म्हणू नये. जमावाच्या हातात पेटता पलिता असतो तेव्हा हिशेबाची वही नसते.

मित्रहो, या ठिकाणी माझ्यासारख्या कार्यकर्त्याला थांबून विचार करणे भाग पडते. १२ एप्रिलने बागायतदाराला काय दिले? खटले, शिक्षा आणि गावात उतरलेली फौज. जूनमध्ये सरकारने ओबला 'शॅम्पेन, दुसरा विभाग' असे नाव दिले; म्हणजे घरात घेतले, पण ओसरीवर बसवले. त्यावर दोन्ही जिल्हे नाराजच राहिले. शिवाय मार्नचा गरीब बागायतदार आणि ओबचा गरीब बागायतदार आपसांत भांडले, आणि बाहेरचा माल आणणारा काही काळ तरी बाजूला उभा राहून पाहत होता. गरिबांच्या भांडणात असे नेहमीच होते. रागाने प्रश्न चव्हाट्यावर आणला हे खरे, पण सुटला तो रागाने नव्हे.

त्यानंतर महायुद्ध आले. रीम्स शहरावर चार वर्षे तोफा धडधडत होत्या. लोक मद्याच्या तळघरांत राहिले, शाळाही तेथेच भरल्या. युद्धानंतर २२ जुलै १९२७ च्या कायद्याने दुसरा विभाग रद्द केला. कोणती गावे आत, कोणत्या जातीची द्राक्षे चालतील, हे ठरले. ओबला एकोणीस वर्षांनी पूर्ण नाव मिळाले. लगेच मंदी आली. रशियाचे गिऱ्हाईक क्रांतीत गेले होते, अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. द्राक्षे मातीमोल झाली. तेव्हा १९३५ मध्ये शालों येथे बागायतदार आणि पेढीवाले यांचे एक मंडळ नेमले गेले आणि द्राक्षांचा किमान भाव ठरू लागला. १९३६ मध्ये 'शॅम्पेन' या नावाला देशाच्या नव्या कायद्याने अधिकृत संरक्षण मिळाले.

याचा कळस झाला तो फार विचित्र काळात. १९४० मध्ये जर्मन सैन्याने प्रांत व्यापला आणि तळघरांतून लक्षावधी बाटल्या मागितल्या. एकेकट्याने तोंड देणे अशक्य होते. मोएत-शाँदों पेढीचे प्रमुख द व्होग्युए आणि बागायतदारांचे नेते मोरिस द्वायार यांनी पुढाकार घेतला, आणि दोन्ही पक्षांची एक कायम समिती कायद्याने स्थापन झाली. तारीख होती १२ एप्रिल १९४१. आई गाव पेटले त्याला त्या दिवशी बरोबर तीस वर्षे पुरी होत होती. द व्होग्युए यांना पुढे १९४३ मध्ये जर्मन गेस्टापोने पकडले आणि मृत्यूची शिक्षा फर्मावली. ती अमलात आली नाही, पण त्यांना जर्मनीत बंदिवास भोगावा लागला.

ही समिती आजही आहे. तिला दोन अध्यक्ष असतात, एक पेढ्यांचा आणि एक बागायतदारांचा. हेक्टरी किती उतारा घ्यायचा, काढणी कोणत्या दिवशी सुरू करायची, सुकाळातले किती मद्य दुष्काळासाठी राखून ठेवायचे, हे दोघे मिळून ठरवतात. द्राक्षांचा भावसुद्धा दोन्ही पक्ष कित्येक वर्षे एकत्र बसून ठरवीत. ती पद्धत १९९० मध्ये संपली आणि करार स्वतंत्रपणे होऊ लागले. तरीही बागायतदार पूर्वीसारखा दलालाच्या दारात उभा नाही. आज या प्रांतात सुमारे ३४,००० हेक्टर द्राक्षबागा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक लहान बागायतदारांच्याच मालकीच्या आहेत. त्यांच्या शंभराहून अधिक सहकारी संस्था आहेत. कित्येक जण स्वतःच्या नावाने बाटल्या भरतात. ज्या बाजूला थांबण्याची ताकद नव्हती, तिने ती संघटनेतून मिळवली.

ज्या वर्षी ही समिती निघाली, त्याच वर्षी बोलिंजे पेढीचे मालक वारले आणि कारभार त्यांच्या पत्नीकडे, लिली बोलिंजे यांच्याकडे आला. माहेरच्या त्या लॉ द लोरिस्तों घराण्यातल्या. याच घराण्यातला एक पुरुष अठराव्या शतकात आपल्या पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर होता. परकी फौज गावात, पेट्रोल नाही, माणसे नाहीत. अशा काळात ही बाई सायकलवरून बागाबागांतून हिंडे. तिने १९७१ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, पेढी चालवली. मूल नव्हते, पुढे भाच्या-पुतण्यांनी कारभार पाहिला. पेढी अजून त्या कुटुंबाचीच आहे. आणि १९११ मध्ये शेजारी जळालेली ती आयाला पेढी? ती २००५ मध्ये बोलिंजे कुटुंबाने विकत घेतली. २०१५ मध्ये युनेस्कोने या प्रांताचे जागतिक वारशात नाव घातले, तेव्हा आई गावची टेकडीही त्यात आली.

आता नावाच्या किमतीचा आणखी एक दाखला आपल्या दाराशीच आहे. याच मोएत-शाँदोंच्या उद्योगसमूहाने २०१३ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात दिंडोरी येथे फेसाळ वाईन काढण्यास सुरुवात केली. भांडवल त्यांचे, पद्धत त्यांची, जाणकारही त्यांचे. परंतु बाटलीवर 'शाँदों' हे कुटुंबाचे नाव आहे, 'शॅम्पेन' नाही. कारण शॅम्पेन हे नाव त्यांचे एकट्याचे नाहीच. ते त्या तीनशेहून अधिक गावांचे आहे. जगातली सगळ्यात धनवान पेढीसुद्धा ते उचलून दिंडोरीला आणू शकत नाही. कुटुंबाचे नाव मालकाबरोबर प्रवास करते. गावाचे नाव मातीबरोबर आणि माणसांबरोबर राहते.

हे सांगताना माझा ऊर भरून येतो, पण येथे थांबलो तर मी आपल्याशी अर्धेच खरे बोललो असे होईल. शॅम्पेनची द्राक्षे यंत्राने काढायला नियमाने बंदी आहे. घड हातानेच खुडावा लागतो. त्यासाठी दर वर्षी काही दिवसांपुरते सुमारे लाखभर मजूर येतात. पुष्कळांना किलोवर मजुरी मिळते. त्यांना आणणारे मुकादम, ठेकेदार मधे असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये कडक उन्हात काढणी चालू असताना काही मजूर दगावले. त्याच हंगामात एका गावात पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या मजुरांना घाणेरड्या, मोडक्या घरात कोंबून ठेवल्याचे उघडकीस आले. पुरेसे अन्न नाही, मजुरी नाही. शालोंच्या न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तिघांना माणसांच्या तस्करीबद्दल दोषी ठरवले. बळी पडलेल्यांची संख्या पन्नासाहून अधिक होती. तेथील सीजीटी ही कामगार संघटना त्या मजुरांच्या बाजूने उभी राहिली.

म्हणजे रेघ पुन्हा आडवी आलीच. १९०८ मध्ये ती आली ओबच्या बागायतदाराच्या आड, आणि त्याला आत यायला एकोणीस वर्षे लागली. आज ती आहे खुडणाऱ्या मजुराच्या आड. दोन अध्यक्षांच्या त्या टेबलापाशी पेढीवाला बसतो, बागायतदार बसतो; ज्याच्या हाताशिवाय एकही घड टोपलीत पडू नये असा नियम आहे, त्याला तेथे तिसरी खुर्ची नाही. १९०४ पूर्वीच्या बागायतदाराची जी स्थिती होती, तीच आज त्याची. फार तर दहाबारा दिवसांचे काम, परकी भाषा, आणि थांबण्याची ताकद नाही.

ज्या गृहस्थांनी मला विचारले होते त्यांची माझी पुन्हा गाठ पडली नाही. पडली असती तर मी म्हणालो असतो, की साहेब, माल नावावर खपतो हे मला कबूल आहे. पण नाव एकट्याच्या खिशात तयार होत नाही. आई गावात बोलिंजेचे नाव मोठे झाले ते शेजारच्या हजारो बागांनी शॅम्पेन हे नाव स्वच्छ राखले म्हणून, आणि ते स्वच्छ राहिले ते बागायतदार त्याच्यासाठी भांडले म्हणून. नाव हे सामायिक विहिरीसारखे आहे. तिच्यातून मोट कोणाची किती चालावी यावर वाद होईल, तो बसून मिटवता येईल. परंतु ज्यांनी ती खणली त्यांनाच काठावर तहानेलेले ठेवता येणार नाही.